वहीतली अमानत

शनिवारी सकाळची शाळा सुटते. मुलं घराकडे पळतात, शिपाईमामा एकेका वर्गाला कुलूप लावत जातात. वरच्या मजल्यावरची एक खोली मात्र दुपारी साडेतीनपर्यंत उघडी असते. तिथे माझा लेखनवर्ग भरतो. अकरावी-बारावीची चौदा मुलं-मुली असतात. फी नाही, परीक्षा नाही. ज्यांनी निबंधस्पर्धेत बक्षीस मिळवलं आहे, ज्यांचं शुद्धलेखन बरं आहे, अशांना वर्गशिक्षक माझ्याकडे पाठवतात. म्हणून शाळेत त्याला 'पुढचा वर्ग' असं नाव पडलं आहे.

पहिल्या शनिवारी दरवर्षी एकच प्रश्न येतो, "मॅडम, किती ओळी लिहायच्या?" त्यामागून दुसरा, "सुविचार कुठे टाकायचा? सुरुवातीला की शेवटी?"

हसू येतं, पण मुलांचा यात दोष नाही. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या 80 गुणांच्या लेखी परीक्षेत 24 गुण उपयोजित लेखनाचे असतात. पत्र, बातमी, जाहिरात, कथा, निबंध. चोवीस गुण हातचे जाऊ नयेत म्हणून आम्ही शिक्षकच मुलांना साचे देतो. निबंधाची सुरुवात कशी, मधला परिच्छेद कसा, शेवटी कोणतं वाक्य टाकलं की तपासणाऱ्याचं मन प्रसन्न होतं. पूर्वी हे सगळं गाईडमध्ये मिळायचं, आता मोबाइलवर एका मिनिटात मिळतं. परिणाम असा की चौदा मुलांना 'माझी आई' हा विषय दिला, तर चौदा वह्यांत एकच बाई सापडते. ती पहाटे उठते, सर्वांची काळजी घेते, कधी थकत नाही आणि देवाने तिला आपल्या जागी पाठवलेलं असतं. चौदा वेगळ्या घरांतल्या बायका, त्यातल्या कोणी शिक्षिका, कोणी शिवणकाम करणारी, कोणी अंथरुणाला खिळलेली. निबंधात आल्या की सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या.

मी या मुलांकडून काय अपेक्षा ठेवते, आणि ती अपेक्षा ठेवायचा हक्क मला कधी मिळतो, हे मला एका मुलीने आणि तिच्या अम्मीने शिकवलं. शिकताना माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती सांगण्यासाठी हा लेख.

आधी थोडं माझ्याबद्दल. आमचं घर सोलापूरचं. या शहरात एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत तेलुगू, पलीकडे कानडी आणि आमच्या मोहल्ल्यात दखनी ऐकू येते. घरात आम्ही 'नक्को' आणि 'हौ' म्हणत वाढलो. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही होत्या आणि अब्बांना दोन वह्यांचा खर्च परवडायचा नाही. म्हणून माझी एकच वही दोन्हीकडून सुरू व्हायची. उजवीकडून उघडली की उर्दू, डावीकडून उघडली की मराठी. वर्ष संपत आलं की दोन्ही भाषा मधल्या पानांवर येऊन भेटायच्या आणि जागेसाठी भांडायच्या. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

त्या वहीच्या मराठी बाजूला लाल शाईचा नुसता सडा आहे. 'पुस्तक चांगली आहे', 'घर मोठा आहे', 'पाणी थंड होता'. माझ्या बाईंना वाटायचं, मुलगी निष्काळजी आहे. मी निष्काळजी नव्हते. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. किताब स्त्रीलिंगी, म्हणून माझं पुस्तकही चांगली. मकान पुल्लिंगी, म्हणून घर मोठा. माझ्या चुकांना एक नियम होता, तो बाईंना दिसत नव्हता एवढंच. पुढे बीएड करून मी स्वतः शिक्षिका झाले आणि लाल पेन हातात आल्यावर अगदी तेच केलं. चुकीखाली रेघ, बाजूला गुण, वही बंद.

आता त्या मुलीकडे येते. तिचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

तिला कोणी पाठवलं नव्हतं. एका शनिवारी ती स्वतःच दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, बसू का?" तिची वही पाहिली. वाक्यावाक्याला लिंगाची चूक, 'ळ'च्या जागी 'ल'. तिची अम्मी बिड्या वळते आणि वडील नाहीत, हे मला माहीत होतं. मला तिची दया आली. मी तिला शेवटच्या बाकावर बसवलं आणि इतर मुलं वैचारिक लेख लिहीत असताना तिला म्हटलं, "तू आईवर दहा ओळी लिही." तिने लिहिल्या. पहाटे उठणारी, कधी न थकणारी तीच आई. मी शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि खाली 'छान' लिहिलं. असं तीन-चार आठवडे चाललं. तिला सोपं काम देऊन आपण तिच्यावर मेहेरबानी करतो आहोत, असं मला खरोखर वाटत होतं.

बीएडला आम्हाला एक प्रयोग शिकवला होता. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत रोझेन्थाल आणि जेकबसन या दोन अभ्यासकांनी शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं, ही मुलं यंदा मोठी झेप घेतील. खरं तर ती नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कशीही निवडली होती. वर्षाच्या शेवटी, विशेषतः लहान वर्गांतली ती मुलं चाचणीत खरंच पुढे गेलेली आढळली. 1968 साली यावर पुस्तक आलं. परिणाम नेमका किती मोठा, यावर पुढे बरेच वाद झाले, पण मूळ मुद्दा प्रत्येक शिक्षकाला अनुभवाने पटतो. आपण ज्याच्याकडून जास्त मागतो, त्याच्याकडे थोडं जास्त थांबतो, त्याला दुसरा प्रश्न विचारतो, त्याच्या उत्तराची वाट पाहतो. परीक्षेसाठी हे सगळं मी पाठ केलं होतं, गुणही चांगले मिळाले होते. तरीही शेवटच्या बाकावरच्या मुलीला मी दुसरा प्रश्न कधी विचारला नव्हता.

तो प्रश्न शेवटी तिनेच विचारला. एक दिवस वही परत घेताना म्हणाली, "मॅडम, त्यांच्या वहीत तुम्ही खूप लिहिता. माझ्या वहीत नुसतं छान लिहिता."

मला उत्तर सुचलं नाही. मी तिला खाली बसवलं आणि तिचाच निबंध पुढे ठेवला. "इथे लिहिलं आहेस, आई पहाटे उठते. उठून पहिलं काय करते?"

"पानं बघते."

"कसली पानं?"

"तेंदूची. रात्री भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवलेली असतात. जास्त भिजली तर काळी पडतात, कमी भिजली तर वळताना फाटतात. ती आधी पानांना हात लावून बघते, मग चूल पेटवते."

मी म्हटलं, "हे लिही."

"हे निबंधात चालतं?"

"हेच चालतं. बाकीचं खोडून टाक."

पुढच्या गुरुवारी तिने अडीच पानं आणून दिली. ती वाचताना मी स्टाफरूममध्ये एकटी होते, हे बरं झालं. अम्मीच्या मांडीवरचं सूप, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापलेली पानं, चिमटीतला तंबाखू, तोंड दुमडून घेतलेली दोऱ्याची गाठ. पंचवीस-पंचवीसची बंडलं. अम्मी बोलता बोलता मनात बिड्या मोजते, म्हणून तिच्याशी काही बोलायचं असेल तर बंडल बांधून होईपर्यंत थांबावं लागतं. नाहीतर मोजणी चुकते आणि बोलणाऱ्याला रागावणं बसतं. नववीत असताना आपल्या हातांना तंबाखूचा वास येतो म्हणून ही मुलगी शाळेत जाण्यापूर्वी बोटांना लिंबू चोळायची आणि वर्गात कोणाच्या शेजारी बसायची नाही. शेवटी ब्रँचमधलं एक दृश्य होतं. कारखान्याच्या ब्रँचमध्ये माल जमा करताना कारकून बंडलं बघतो आणि काही बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढतो. तिने लिहिलं होतं की बाजूला काढलेल्या बिड्या परत मिळत नाहीत, आणि त्यांचं पुढे काय होतं हे अम्मीने कधी विचारलं नाही.

लिंगाच्या चुका होत्याच. पण इतक्या वर्षांत माझ्या वर्गात असं काही कोणी लिहिलं नव्हतं.

आणि इथे माझी चूक झाली. शनिवारी मी आनंदाच्या भरात तो लेख वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. तिला न विचारता. मला वाटलं, हा तिचा सन्मान आहे. हुशार म्हणवणाऱ्या तेरा मुलांना कळू दे की लेखन म्हणजे काय. लिंबाचा प्रसंग वाचत होते तेव्हा एकदा मान वर करून पाहिलं. ती बाकावर कोरलेल्या नावांवरून नखं फिरवत होती. मी वाचत राहिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कॉलेजच्या वर्गात दिसली तर नजर टाळून निघून जायची.

तिसऱ्या आठवड्यात खरं काय ते कळलं. वर्गातल्या एका मुलाने तो लेख घरी सांगितला होता, वाईट हेतूने नाही, कौतुकानेच. त्याची खाला त्याच ब्रँचला माल देते. खालाने ब्रँचमध्ये चार बायकांना सांगितलं आणि ते कारकुनाच्या कानावर गेलं. त्याने मुलीच्या अम्मीला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या मुलीने आमच्यावर निबंध लिहिलाय म्हणे?" त्या दिवसापासून तिच्या मालातली छाट वाढली. रोज एक-दोन बंडलं जास्त बाजूला. हजारी मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला याचा अर्थ काय, ते मी सांगायला नको.

मी त्यांच्या घरी गेले. एक खोली, समोर ओटा, ओट्यावर सूप. अम्मीने हातातलं बंडल बांधून होईपर्यंत मान वर केली नाही. लेखात वाचलेलं आता डोळ्यांनी पाहत होते. मग तिने चटई टाकली. मी माफी मागितली. किती नुकसान झालं, असं विचारलं. तिने आकडा सांगितला नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मॅडम, मेरे बारे में क्या लिखी ये? मेरेकू तो किसीने सुनाया नै."

बरोबर होतं. तो लेख वर्गाने ऐकला, एका मुलाच्या घराने ऐकला, खालाने ऐकला, ब्रँचने ऐकला. जिच्याबद्दल होता, तिच्यापर्यंत तेवढा पोहोचला नव्हता. मुलीने वही आणली आणि वाचायला सुरुवात केली. अम्मीला मराठी वाचता येत नाही, कळते चांगली. ती हात चालवत ऐकत होती. 'अम्मी दिवसाला हजार बिड्या वळते' या वाक्याला तिने हात थांबवला.

"हजार कां होते अब? हातां दुखते. सातसौ बोलके लिख."

मुलीने पेन घेतलं आणि हजार खोडून सातशे केलं. पुढे लिंबाचा भाग आला. मुलगी अडखळली. अम्मी म्हणाली, "पढ़." ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाली की मला माहीत होतं, घरातली लिंबं कोण संपवतं ते.

निघताना तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. मुलीचं लिहिणं बंद करू नका. आणि वाचून दाखवण्याआधी विचारत जा.

घरी परतताना मनात एकच शब्द घोळत होता, अमानत. आपल्याकडे कोणी दागिना ठेवायला दिला, तर तो आपण चार लोकांत मिरवत नाही. दागिना सुंदर आहे, लोकांना आवडेल, त्यात मालकाचंच कौतुक होईल, असं कितीही वाटलं तरी नाही. त्या मुलीने अडीच पानं माझ्या हाती ठेवली होती आणि मी ती वर्गात मिरवली होती. मी मुलांकडून खरं लिहिण्याची अपेक्षा करत होते, पण ते खरं सांभाळण्याची काहीही व्यवस्था माझ्या वर्गात नव्हती.

पुढच्या शनिवारी मी वर्गासमोर उभी राहून सांगितलं की चूक माझी होती. त्या मुलाने मान खाली घातली. त्याला म्हटलं, "इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. मग तुझा दोष कसा?" दोन आठवड्यांनी ती मुलगी परत आली. शेवटच्या बाकावर बसली नाही.

तेव्हापासून वर्गाची रीत बदलली. मोठे नियम नाहीत, पण ते मोडायचे नाहीत. लेखाच्या वरच्या कोपऱ्यात प्रत्येकाने लिहायचं: 'वर्गासाठी' किंवा 'फक्त मॅडमसाठी'. काही न लिहिलेला लेख 'फक्त मॅडमसाठी' समजायचा. खोलीत ऐकलेलं खोलीतच राहील. जिवंत माणसाबद्दल लिहिलं असेल, तर शक्य तिथे त्याला आधी ऐकवायचं. या शेवटच्या नियमाला अपवाद आहे, हे मुलांनीच माझ्या लक्षात आणून दिलं. एका मुलाने विचारलं, "जो आपल्याला मारतो, त्याची परवानगी कशी घ्यायची?" मी म्हटलं, नाही घ्यायची. तसं लेखन 'फक्त मॅडमसाठी' ठेवायचं. पण मी पहिल्याच दिवशी हेही सांगते की एखादं मूल धोक्यात आहे असं लेखातून कळलं, तर अमानतीच्या नावाखाली मी गप्प बसणार नाही. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असतो.

लेखावर बोलण्याचीही रीत ठरली आहे. 'छान' हा शब्द बंद, मलासुद्धा. ऐकणाऱ्याने आधी लेखातलं मनात राहिलेलं एक वाक्य सांगायचं, मग एक प्रश्न विचारायचा. तोपर्यंत लेखकाने गप्प राहायचं, स्वतःची बाजू मांडायची नाही. हे मुलांना फार अवघड जातं, पण त्यातूनच त्यांना कळतं की आपल्या डोक्यात होतं त्यातलं कागदावर किती उतरलं आहे. प्रत्येक लेख तीन वेळा लिहायचा. पहिला खर्डा गुरुवारपर्यंत माझ्याकडे. उशिरा आला तर त्या शनिवारी वाचायची संधी नाही, कारण बाकीच्या तेरांचा वेळ हीसुद्धा अमानतच आहे. मोबाइलवरून उतरवलेला निबंध ओळखायला मला कोणतंही यंत्र लागत नाही. मी फक्त विचारते, "उठून पहिलं काय करते?" ज्याने स्वतः पाहिलं आहे, तो उत्तर देतो.

मीही लिहिते. दर महिन्याला माझा एक लेख त्यांच्यासमोर ठेवते. पहिल्यांदा ठेवला तेव्हा एका मुलीने फार अदबीने विचारलं, "मॅडम, यात तुम्ही कुठे आहात? नुसता उपदेश आहे." रात्री मी तो फाडून पुन्हा लिहिला.

लाल पेनाचंही बदललं. उर्दूत एक जुनी परंपरा आहे, इस्लाह. शागिर्दाने कलाम उस्तादांना दाखवायचा आणि उस्तादांनी तो सुधारून द्यायचा. मिर्झा ग़ालिब दिल्लीत बसून गावोगावच्या शागिर्दांचा कलाम टपालाने मागवत आणि दुरुस्त करून परत पाठवत. मुन्शी हरगोपाल तफ़्ता हे त्यांचे लाडके शागिर्द. त्यांना लिहिलेली कितीतरी पत्रं आज छापील उपलब्ध आहेत. त्यांत शब्दाची, व्याकरणाची चर्चा आहे, कधी शाबासकी आहे, कधी सरळ नाराजीही आहे. एवढा मोठा शायर एका शब्दापायी पत्र लिहायला बसायचा, कारण समोरचा माणूस ते समजून घेऊ शकतो, याची त्याला खात्री होती. माझ्या 'छान'मध्ये नेमकी हीच खात्री नव्हती.

आता एका लेखात मी एकाच प्रकारच्या चुका धरते. एका आठवड्यात फक्त नपुंसकलिंग, पुढच्या आठवड्यात फक्त 'ळ' आणि 'ल'. दखनी किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाला चुकीमागचा नियम समजावून सांगते. तेलुगू घरातून आलेल्याच्या चुका वेगळ्या, त्यांची कारणंही वेगळी. आपण अडाणी नाही, आपल्या घरची भाषा मराठीत डोकावते आहे, हे कळलं की मूल स्वतःच्या चुका स्वतः पकडायला लागतं. व्याकरणाबाबत मी सैल झालेली नाही. उलट तिसऱ्या खर्ड्यात एकही चूक चालत नाही. फक्त ती पहिली पायरी असते हा गैरसमज सुटला. पूर्वी मी शुद्ध वाक्याची वाट पाहत बसायचे आणि खरं वाक्य हातातून निसटून जायचं.

दरवर्षी मी मुलांना मुक्ता साळवेची गोष्ट सांगते. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळकरी मुलीचा निबंध. आज मराठी साहित्याच्या इतिहासात तो सन्मानाने शिकवला जातो. मुलांना मी विचारते, तिच्या जागी साचा पाठ केलेली मुलगी असती तर तिने काय लिहिलं असतं? आणि स्वतःला विचारते, तिच्या शिक्षकांनी तिला शेवटच्या बाकावर बसवून दहा सोप्या ओळी दिल्या असत्या तर?

आता थोडं आई-वडिलांशी. हे मासिक घरात सगळे वाचतात, म्हणून सांगते. आपल्याकडे मूल लिहायला लागलं की आपण दोनच गोष्टी करतो. गुण विचारतो, नाहीतर न विचारता वही उघडतो. दोन्ही टाळून पाहा. मुलाने तुमच्या कामाबद्दल प्रश्न विचारले, तर 'तुला काय करायचंय, अभ्यास कर' असं म्हणू नका. शिलाईचा दर किती, गॅरेजमध्ये कोणता पाना कशाला लागतो, फळगाडीवर संध्याकाळी उरलेल्या मालाचं काय होतं, हे त्याला सांगा. नेमकं सांगा. हजार असेल तर हजार, सातशे असेल तर सातशे. त्याने लिहिलं, तर ऐकवायला सांगा. आणि त्यात तुमच्याबद्दल एखादी बोचरी गोष्ट आली, तर रागवण्याआधी त्या लिंबांची आठवण काढा.

मुलीचं पुढे काय झालं, असं विचाराल. ती आता बीए करते आहे, मराठी घेऊन. अम्मीने ती ब्रँच बदलली, त्याला वर्ष लागलं. तो लेख कुठे छापलेला नाही. दोघींनी ठरवलं की अजून नको. माझ्याही हाती त्याची प्रत नाही. मूळ वही त्यांच्या घरी आहे.

हा लेख मात्र पाठवण्याआधी मी त्यांच्याकडे घेऊन गेले. मुलीने वाचला, अम्मीने ऐकला. हरकत नाही म्हणाल्या. नावं नकोत, एवढं सांगितलं. अम्मीने एक दुरुस्तीही केली. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं की माफी मागितल्यावर तिने मला चहा दिला आणि मन हलकं झालं. ती म्हणाली, "चाय कां पिये तुमे? मैं बनाने उठी तो तुमे नक्को बोले. घाई में थे."

खरं होतं. चहा माझ्या आठवणीने नंतर भरला होता. मी तिथेच पेन काढलं आणि चहा खोडला. या वेळी मात्र तिने केलेला चहा पिऊनच उठले.